मदत हवी आहे: लिस्टफील्डमधून बांगड्याचे तुकडे होऊन येताहेत

म्हापशेकर
मामाच्या खानावळीसाठी एपीआय (अॅपला माहिती पुरवणारा प्रोग्रॅम) लिहितोय. आज कुठली मासळी आहे त्याची यादी द्यायची, बस्स. सीरियलायझरमध्ये (येणारी-जाणारी माहिती तपासून जुळवणारा भाग) लिस्टफील्ड, म्हणजे यादी, आणि चाइल्ड कॅरफील्ड, म्हणजे यादीतली प्रत्येक गोष्ट मजकूर. पोस्ट केलं (यादी पाठवली) की २०१, म्हणजे 'नोंद झाली', येतं, उत्तरात यादीही व्यवस्थित. गेट मारलं (तीच परत मागवली) की हे:
["[", "'", "ब", "ा", "ं", "ग", "ड", "ा", "'", ","
काना वेगळा, अनुस्वार वेगळा! युनिकोडचा घोळ का? उद्या शुक्रवार, बाजाराच्या गर्दीआधी मामाला दाखवायचंय.

डिचोलीचा
जँगो रेस्ट (पायथनमधलं एपीआयचं फ्रेमवर्क) का? मॉडेल, म्हणजे डेटाबेसातल्या रकान्यांची व्याख्या, टाका.

म्हापशेकर
जँगो रेस्टच. मॉडेल साधंच आहे, त्यात काही नाही. प्रश्न सीरियलायझरचा आहे.

फोंडा_एक्सप्रेस
जँगो सोडून फास्टएपीआय घ्या, सुटाल. त्यातलं पायडँटिक माहितीचे प्रकार तपासतं, सगळं बघतं. आमचं सगळं काम त्यावरच चालतं.

डिचोलीचा
एका रात्रीत फ्रेमवर्क बदलू? डेटाबेसात मजकूर पडला असेल तर पायडँटिकही एररच देणार. म्हापशेकर, मॉडेलमधली ती एक ओळ टाका हो!

वास्को७
फ्रंटएंड वेगळ्या पोर्टवर असेल तर कॉर्सचं (दुसऱ्या पत्त्यावरच्या पानाला एपीआय वापरायची परवानगी) सेटिंग बघा.

म्हापशेकर
कॉर्सचा काय संबंध? घ्या, मॉडेल: मासळी = टेक्स्टफील्ड (साधा मजकूर). डेटाबेस एसक्यूलाइट आहे.

डिचोलीचा
हेच दोन तास विचारतोय. टेक्स्टफील्डला लिस्ट दिली की जँगो तिची स्ट्रिंग (सलग मजकूर) करून ठेवतं, कंसासकट. लिस्टफील्ड परत वाचताना त्या स्ट्रिंगवरून एकेक अक्षर फिरतं. पोस्टनंतर बरोबर दिसतं कारण मेमरीतल्या ऑब्जेक्टमध्ये अजून खरी लिस्टच असते. युनिकोड बिचारं निर्दोष. मॉडेलमध्ये जेसनफील्ड करा, त्यात यादी यादीच राहते. जँगो ३.१ पासून एसक्यूलाइटवरही चालतं. अॅरेफील्डच्या नादी लागू नका, ते फक्त पोस्टग्रेस डेटाबेससाठी.

सांगेकर_काका
मुळात यादी एका रकान्यात कोंबायचीच कशाला? मासळीचं वेगळं टेबल, नोंदींशी मेनी टू मेनी नातं (एका नोंदीत अनेक मासे, एक मासा अनेक नोंदींत). उद्या मामा विचारेल, तारले किती दिवस होते? तेव्हा काय करणार?

डिचोलीचा
काका, एक खानावळ आहे. मामा पाटीवर खडूने लिहितो.

पणजीवाली
इसवण लिहिलंय का यादीत? पर्यटकांना कळत नाही, किंगफिश लिहा.

सांगेकर_काका
किंगफिश लिहिलंत तर आम्ही जेवायला येणार नाही.

म्हापशेकर
जेसनफील्ड केलं, मायग्रेशन (डेटाबेसची रचना बदलणं) आपटलं. जुन्या ४१ नोंदी आहेत. जेसन.लोड्सनेही (जेसन वाचणारं फंक्शन) त्या वाचता येत नाहीत.

डिचोलीचा
वाचणारच नाही. आत पायथनची एकेरी अवतरणचिन्हं आहेत, जेसनला दुहेरी लागतात. नवा जेसनफील्ड जोडा, रनपायथनमध्ये (मायग्रेशनमध्येच पायथन चालवायची सोय) एएसटी.लिटरल_इव्हलने (कोड न चालवता फक्त साधी मूल्यं वाचतं) जुन्या नोंदी वाचून त्यात भरा, मग जुना रकाना काढा.

फोंडा_एक्सप्रेस
नुसतं इव्हल पुरे की.

डिचोलीचा
बाहेरून आलेल्या मजकुरावर इव्हल? ती स्ट्रिंग कोड म्हणून चालेल. नको. आणि जेसनफील्डला डीफॉल्ट=लिस्ट लिहा, रिकामा चौकोनी कंस नको. नाहीतर तीच एक यादी सगळ्या नोंदींत वाटली जाईल. जून-जुलैत मासेमारी बंद, तेव्हा रिकाम्या याद्या येतीलच.

म्हापशेकर
४० झाल्या. एक अडकली. मामीने अॅडमिनमधून हाताने 'बांगडे, सुंगटां, जास्त नाहीत' असं लिहिलंय. हे कशात बसवू?

पणजीवाली
ते तसंच दाखवा. खरी माहिती तीच आहे.