मध्यमाच्या लेखी पेपरात मार्क नेमके कुठे जातात?

सूरवेडी: नमस्कार मंडळी. वय ४१, नोकरी सांभाळून गाणं शिकतेय. गांधर्व महाविद्यालय मंडळाची मध्यमा परीक्षा दिली, प्रॅक्टिकल झकास झालं आणि लेखीत मात्र काठावर पास. व्याख्या, चरित्रं, थाट (रागांचे गट) सगळं तोंडपाठ होतं हो. आता पुढच्या विशारद परीक्षेची तयारी चालू आहे, यावेळी तसं नकोय. कुठे चुकतं आपलं?

जव्हारी: ताई, वीसेक वर्षं क्लास घेतोय, दरवर्षी हेच बघतो. पोरं व्याख्या घोकतात आणि स्वरलिपी (गाण्याचे स्वर कागदावर मांडायची पद्धत) लिहायची वेळ आली की गडबडतात, कारण वहीत ती कधी स्वतः लिहिलेलीच नसते, गुरुजींनी दिलेली झेरॉक्स असते! त्यात दोन लिप्यांची भेळ. भातखंडे पद्धतीत स्वराच्या डोक्यावर टिंब म्हणजे तार सप्तक (वरचे स्वर), पलुस्कर पद्धतीत तेच टिंब म्हणजे मंद्र (खालचे स्वर). म्हणजे अंतऱ्यात तार सा लिहायला गेलात आणि कागदावर उतरला खर्जातला. तालाचंही तसंच, भातखंडेंची सम (तालाची पहिली मात्रा) फुलीने आणि खाली (टाळी न देता सोडायची जागा) शून्याने, पलुस्करांची सम १ आणि खाली अधिकच्या चिन्हाने. एकच धरा आणि शेवटपर्यंत तीच ठेवा.

दुसरं म्हणजे बंदिश. त्रितालातल्या छोट्या ख्यालाच्या कितीतरी बंदिशी नवव्या मात्रेपासून उठतात. गाताना बरोबर गातात, कारण तबलजी सांभाळून घेतो, पण कागदावर पहिलं अक्षर सरळ समेखाली, मग पुढचं सगळंच आठ मात्रा सरकलेलं. लिहिताना डाव्या हाताने टाळी द्या, हसू नका, खरंच द्या.

कायदा_रेला: जव्हारीकाकांशी सहमत, पण आमच्या तबल्यावाल्यांचं रडगाणं वेगळं. लयकारी, म्हणजे तेच बोल दुप्पट, तिप्पट, चौपट वेगाने (दुगुन, तिगुन, चौगुन) लिहून समेवर आणणं!! दुगुन सगळ्यांना येते, त्रितालाच्या एका आवर्तनाची (फेरीची) दुगुन ८ मात्रांत बसते म्हणून नवव्यापासून सुरू, चौगुन तेराव्यापासून. तिगुनला विकेट पडते. १६ बोल, मात्रेत ३, म्हणजे सव्वापाचच्या किंचित वर मात्रा लागतात, मग अकराव्या मात्रेत आधी दोन अवग्रह (ऽ, रिकाम्या जागेची खूण) आणि मग धा. १२ मात्रांच्या एकतालाची तिगुन मात्र गुणी बाळ, बरोब्बर ४ मात्रा, नवव्यापासून.

मारवा_संध्याकाळचा: लयकारी ठीक आहे हो, पण जास्त मार्क रागतुलनेत जातात असं माझं मत. भूप आणि देशकार विचारलं की दोन कॉलम पाडायचे, आरोह अवरोह लिहायचा आणि मोकळे. अहो, स्वर तेच पाच आहेत, फरक तिथे दिसणारच नाही! भूप कल्याण थाटाचा, वादी (मुख्य स्वर) गंधार, खेळ पूर्वांगात (सप्तकाच्या खालच्या अर्ध्यात). देशकार बिलावल थाटाचा, वादी धैवत, खेळ उत्तरांगात (वरच्या अर्ध्यात), रिषभ जपून. हे लिहून खाली दोन-दोन स्वरवाक्यं दिली की परीक्षकाला कळतं या माणसाने राग गायलाय.

सूरवेडी: बापरे, टिंबाचं वाचून घाम फुटला, मी तेच केलंय बहुतेक. आत्ता १० मात्रांच्या झपतालाची तिगुन लिहायला बसले, सातव्या मात्रेपासून सुरू केली, पण दहाव्या मात्रेत शेवटी दोन घरं रिकामी राहतायत??

कायदा_रेला: ताई जमलं की! ती दोन घरं शेवटून उचला आणि सुरुवातीला ठेवा. सातवी ऽऽधी, आठवी नाधीधी, नववी नातीना, दहावी धीधीना, आणि सम.