पोरं टिकत नाहीत, कारण हिशेब टिकत नाही

ठेक्यावरची पोरं आज इथं तर उद्या तिथं, म्हणून एजन्सीचा कारभार विस्कटतो, असं वर एका भाऊंनी लिहिलंय. मला हे पटत नाही. वाळूजला कंपन्यांना माणसं पुरवणाऱ्या एका एजन्सीत मी अडीच वर्षं हजेरीचं काम केलं. पोरं का सोडून जातात ते जवळून पाहिलंय.

कंपनीच्या गेटवरचं मस्टर, म्हणजे हजेरीपत्रक, आमच्याकडं महिनाअखेरीला यायचं, तेही कुणाच्या तरी मोबाइलवरच्या पुसट फोटोत. ओटी, म्हणजे जादा तास, अंदाजानं भरायला लावायचे. गंगापूरहून पहाटेच्या एसटीनं येणारा एक पोरगा एकदा वहीच घेऊन आला. तारीख, पाळी, जादा तास, सगळं पेन्सिलीनं लिहिलेलं. त्याचे १८ तास आमच्या कागदावर नव्हतेच. मॅनेजरला दाखवलं तर म्हणाले, "पुढच्या महिन्यात बघू." पगाराच्या दिवशी त्यांचा फोन बंद, आणि माणसांसमोर उभे आम्ही. तो पोरगा भांडला नाही, वही खिशात घालून निघून गेला. ते अजून सलतं.

म्हणून सांगतो, स्वतःची वही ठेवाच. पीएफ कापला म्हणजे भरला असं नाही. उमंग ॲपवर पासबुक बघत जा, भरणा पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत व्हायला हवा. आणि ठेकेदारानं, म्हणजे एजन्सीनं, पगार बुडवला तर तो द्यायची जबाबदारी मूळ कंपनीवर येते, हे १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यापासून चालत आलंय. अर्ज लेखी द्या, कंपनीच्या एचआरलाही द्या, आणि पोच घेतल्याशिवाय हलू नका.