मदत हवी आहे: गुडघ्याचं ऑपरेशन झालेले आजोबा + आठ वर्षांचा नातू, पुण्याजवळ दोघांना मिळून चालता येईल अशा जागा सुचवा

नमस्कार मंडळी, नाताळच्या सुट्टीसाठी सल्ला हवाय, जरा मोठं लिहितेय, सांभाळून घ्या.

बाबा ६९ वर्षांचे, एप्रिलमध्ये उजव्या गुडघ्याची रिप्लेसमेंट झाली. त्याआधी वीसेक वर्षं दर रविवारी सिंहगड, पहाटे पाचला घर सोडायचे आणि वर पिठलं-भाकरी खाऊन परत. माझ्या लेकाला तो बोलायला लागल्यापासून सांगत आले की आठ वर्षांचा झालास की तुला पायी गडावर नेतो. तो ऑगस्टमध्ये आठचा झाला आणि तोवर आबांच्या हातात काठी आलेली. दोघंही त्याबद्दल अवाक्षर काढत नाहीत, पण मला कळतं ना.

आता काठी सुटलीये. सपाटीवर ३-४ किमी आरामात चालतात, रेलिंग असेल तर जिनाही. फिजिओने शिकवलंय की चढताना चांगला पाय आधी आणि उतरताना ऑपरेशनचा पाय आधी, ते लेकाला इतकं पाठ झालंय की बिल्डिंगच्या जिन्यात प्रत्येक पायरीला तोच सांगतो, "आबा, आता उजवा." मांडी घालून किंवा उकिडवं बसणं मात्र बंद, म्हणजे वेस्टर्न टॉयलेट लागतंच.

आत्तापर्यंत काय केलं ते सांगते. कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात गेलो (बुधवारी बंद असतं, लक्षात ठेवा), पण बाबा बॅटरीच्या गाडीत आणि लेक माझ्यासोबत पायी, मग त्याला एकत्र जाणं कसं म्हणायचं. पु. ल. देशपांडे उद्यान सुंदर आहे, वाटाही चांगल्या, पण अर्ध्या तासात लेक म्हणाला झालं बघून. मॉलमधल्या प्ले झोनचं नाव काढू नका प्लीज, तिथे आजी-आजोबा बाकावर पर्स आणि चपला सांभाळत बसतात.

सगळ्यात छान झाली ती वेताळ टेकडी. एआरएआयच्या बाजूने गाडीने वर गेलो त्यामुळे चढ वाचला आणि वर बरीच सपाटी मिळाली. आई बरोबर होती, तिला झाडं ओळखता येतात, हा गिरिपुष्प, हा पळस असं चाललेलं, मोर ओरडला की लेक बाबांचा हात धरून आवाजाच्या दिशेने ओढायचा. दीड तास फोनची आठवण कुणाला झाली नाही. मला असंच काहीतरी हवंय, ज्यात दोघांच्या पायांना काम आहे आणि कुणीच कुणासाठी थांबलेलं नाही.

डोक्यात तीन जागा आहेत.

भिगवणला रोहित पक्षी बघायला जानेवारीत जावं असं वाटतंय. पण काठावरून होडीत चढताना-उतरताना आधार मिळतो का? गुडघा फार वाकवावा लागत असेल तर नकोच.

माथेरान. दस्तुरीला गाडी ठेवून अमन लॉजपासून शटल ट्रेनने गावात गेलो तर पुढे सगळं पायीच, आणि गाड्यांची भीती नाही म्हणून लेकाला मोकळं सोडता येईल. तांबड्या मातीच्या वाटांवर दगड-मुळं कितपत आहेत, बाबा घसरणार नाहीत ना? कुठल्या पॉइंटची वाट त्यातल्या त्यात सरळ आहे?

आणि तिसरी पर्वती. मागे आम्ही गेलो तेव्हा बाबा खालीच थांबले आणि लेकाला म्हणाले तू वर जा आणि पायऱ्या मोजून मला सांग. तो धावत खाली आला, १०३! आता रोज म्हणतो की आबांनी पण मोजायच्या. पायऱ्या रुंद आहेत, मध्ये थांबता येतं, पण मला उतरण्याची धास्ती वाटते. डॉक्टरांना पुढच्या आठवड्यात विचारणारच आहोत, तरी ज्यांच्या घरी रिप्लेसमेंट झालीये त्यांनी सांगा, आठ-नऊ महिन्यांनी एवढ्या पायऱ्या जमल्या का, उतरल्यावर सूज आली का, सकाळी लवकर जाणं बरं की उन्हं कलल्यावर?

सिंहगडावर गाडीने जाता येतं हे माहीत आहे, पण बाबा त्याला तयार नाहीत. "त्याला मी पायी म्हटलं होतं" एवढंच बोलतात. म्हणून पर्वतीची इतकी चौकशी करतेय.