काचा काढून पॉलिकार्बोनेट बसवा म्हणे! जरा थांबा राव

चक्रधर
काल इथं एका भाऊंनी ज्ञान वाटलं, ते वाचून राहवलं नाही. म्हणणं थोडक्यात असं: हॅचबॅकच्या दारांच्या आणि डिकीच्या काचा काढा, पॉलिकार्बोनेटची, म्हणजे पारदर्शक चिवट प्लॅस्टिकची, शीट कापून बसवा. गाडी हलकी होईल, मायलेज वाढेल, दगड मारला तरी फुटणार नाही. रोज ऑफिसला जाणाऱ्यांनी तर नक्की करा, कंपन्या हे मुद्दाम लपवून ठेवतात. खाली 'मस्त माहिती दादा' म्हणणाऱ्यांची ही रांग.

हिशोब करा की. ४ मिलिमीटरची काच चौरस मीटरला १० किलो भरते, तेवढ्याच जाडीचं पॉलिकार्बोनेट ४.८. छोट्या गाडीत पुढची सोडून उरलेली काच दीड-पावणेदोन चौरस मीटर. म्हणजे वाचले आठ-नऊ किलो. टाकीत बारा लिटर पेट्रोल कमी भरा, तेवढंच वजन घटेल, आणि चरे पडणार नाहीत.

ट्रॅकवेडा
ते भाऊ म्हणजे मीच. नाव घेतलं असतं तरी चाललं असतं.

पोर्शच्या जुन्या ९११ जीटी३ आरएसची मागची काच पॉलिकार्बोनेटची. फेरारी एफ४०च्या सुरुवातीच्या गाड्यांना सरकत्या लेक्सनच्या (म्हणजे पॉलिकार्बोनेटच्याच) खिडक्या. फोक्सवॅगन एक्सएल१ला बाजूनं हेच. हे सगळे इंजिनियर बावळट आणि तुम्ही शहाणे? शिवाय काचेचं वजन गाडीत सगळ्यात वर असतं. ते कमी झालं की वळणावर फरक कळतो, पण त्यासाठी वळणावर ऐंशीनं जावं लागतं. चरे पडू नयेत म्हणून हार्ड कोटवाली शीट मिळते. आणि तुमच्या गाडीचे हेडलाइट कशाचे आहेत हो? काचेचे?

चक्रधर
हेडलाइटचा विषय तुम्हीच काढलात, आभारी आहे. कुठल्याही सोसायटीच्या पार्किंगमध्ये जा, पाच-सात वर्षांच्या गाड्यांचे हेडलाइट बघा. पिवळट, धुरकट, आणि एखादे काका रविवारी टूथपेस्ट घेऊन घासत बसलेले. त्यांच्यावरही यूव्ही कोट असतोच की. त्या पिवळ्यातून तुम्ही रात्री आरसा बघणार?

दुसरं म्हणजे पोर्शची मागची काच जागची हलत नाही. दाराची काच वर-खाली होते. कोकणातून गाडी आली की खिडकीच्या कडेच्या बाहेरच्या रबराखाली (बिडिंग) नख घालून बघा, लाल मातीची बारीक कच निघते. काच खाली घेताना करकर वाजते ती हीच. खऱ्या काचेवरसुद्धा उभे चरे पडतात. तुमच्या शीटचं काय होईल? फास्टॅग आला तरी पार्किंगवाल्याला पैसे द्यायला काच खाली घ्यावीच लागते.

पाना_दहा_बारा
गॅरेज चालवतो म्हणून सांगतो. एक पोरगा हेल्मेटचा व्हायझर पेट्रोलच्या फडक्यानं पुसायचा, डाग लगेच जातात म्हणून. व्हायझर पॉलिकार्बोनेटचाच. वाकवून बसवलेल्या दोन्ही कोपऱ्यांपासून केसासारख्या भेगांचं जाळं आत सरकत गेलं. समोरून हेडलाइट आला की सगळं जाळं चमकायचं. थिनर, पेट्रोल, अमोनियावालं काच पुसायचं लिक्विड यातलं काही चालत नाही त्याला. आणि वॉशिंग सेंटरवर पोरं काय मारतात ते मालकाला तरी ठाऊक असतं का?

निवृत्त_अभियंता
दोघेही मूळ मुद्दा सोडून भांडताय. काचेचा ताठपणा ७० गिगापास्कल, पॉलिकार्बोनेटचा जेमतेम २.४. तेवढाच ताठ सपाट पत्रा हवा तर जाडी तिप्पट लागते. वजन निम्मं, जाडी तिप्पट, म्हणजे शीट काचेपेक्षा दीडपट जड! वजन वाचतं ते शीट लवचिक आहे हे मान्य करून पातळ लावली तरच. मग हायवेला खिडकी बाहेर फुगते आणि फटीतून शिट्टी वाजते. रेसच्या गाड्यांना मागच्या शीटवर पट्ट्या ठोकतात त्या शोभेसाठी नव्हेत.

आणि उन्हात हे काचेच्या सातपट प्रसरण पावतं. एक मीटर रुंदीच्या तुकड्यात ५० अंशांचा फरक पडला तर ३.४ मिलिमीटर, काचेत अर्धा मिलिमीटरसुद्धा नाही. काचेच्या मापाची फ्रेम ते कुठून सोसणार?

ट्रॅकवेडा
सपाट पत्रा! काका, गाडीची काच वक्र असते. वक्रतेमुळे ताठपणा येतो, कडेला रिब (उठावाच्या पट्ट्या) देता येतात. पुस्तकातला पत्रा कुठल्याच गाडीला नसतो.

निवृत्त_अभियंता
साच्यात बनवलेल्या भागाला रिब देता येतात. बाजारातून आणलेली शीट जिगसॉनं कापून नाही. पण वक्रतेचा मुद्दा ठीक आहे, घ्या अर्धा मार्क.

सावलीप्रेमी
मुळात माणसं हे का शोधतात? ऊन सोसत नाही म्हणून! एप्रिल-मेमध्ये पुण्यात दुपारी गाडीत बसून दाखवा. काचेला फिल्म लावली तर चौकाचौकात अडवणार. २७ एप्रिल २०१२ला सर्वोच्च न्यायालयानं फिल्मला बंदी घातली, ती सामान्य माणसाला. काळ्या काचांच्या, पुढे स्टिकरवाल्या एसयूव्ही समोरून जातात तेव्हा ट्रॅफिकचे मामा दुसरीकडे बघतात. माझ्या गाडीला जवळजवळ पारदर्शक फिल्म होती, ती भर रस्त्यात नखांनी सोलायला लावली. बायको-मुलं उन्हात उभी.

कलमवाला
जुनं सांगताय. २०२०च्या दुरुस्तीनं केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १०० मध्ये सेफ्टी ग्लासबरोबर सेफ्टी ग्लेझिंग (प्लॅस्टिकचा थर असलेली काचही) आलं, १ एप्रिल २०२१पासून लागू. २०२४ मध्ये केरळ उच्च न्यायालयानं सांगितलं की पुढे-मागे ७० टक्के आणि बाजूला ५० टक्के प्रकाश जात असेल तर फिल्मसाठी दंड करता येणार नाही.

सावलीप्रेमी
केरळचा निकाल चौकातल्या मामांना तुम्ही वाचून दाखवणार का? प्रकाश मोजायचं मशीन त्यांच्याकडे नसतं. डोळ्यांनी ठरवतात.

कलमवाला
मग पावती फाडा आणि कोर्टात जा. घरी बसून रडण्यापेक्षा बरं.

सावलीप्रेमी
पाचशे रुपयांसाठी कोर्टात? इनो घ्या साहेब. वकिलांची घरं अशानंच चालतात.

चक्रधर
धागा कशाचा आहे? फिल्मचं भांडण वेगळ्या धाग्यात न्या, हात जोडतो. बाकी सावलीप्रेमींसाठी एवढंच: पॉलिकार्बोनेट अतिनील किरण जवळजवळ सगळे अडवतं, पण गाडी तापवणारी उष्णता बहुतेक येऊ देतं. त्यासाठी ते घेणार असाल तर पैसे पाण्यात.

मीनल_कल्याण
मायलेज आणि ऊन चाललंय, पण बाहेर कसं पडणार ते कोणीच बोलत नाही. २६ जुलै २००५. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर. माझा मामा कलिन्याजवळ गाडीत अडकला. पाणी सीटपर्यंत आलं, सेंट्रल लॉक उघडेना, पॉवर विंडो मेली. जॅकचा दांडा मागच्या सीटखाली होता म्हणून काच फोडून निघाला. त्या दिवशी मुंबईत माणसं बंद गाड्यांत गुदमरून गेली. 'फुटत नाही' हा ट्रॅकवेडांना गुण वाटतो. मामाला विचारा.

ट्रॅकवेडा
मामांबद्दल आदर आहे. पण महागड्या गाड्यांच्या बाजूच्या काचा हल्ली लॅमिनेटेड येतात. त्यासुद्धा हातोडीनं तडकतात, पण पडत नाहीत. त्यांच्यावर कधी मोर्चा काढलात? की हलकं केलं म्हणून मीच सापडलो?

मीनल_कल्याण
त्यांच्यावरही काढीन. तुमची गाडी तेवढी महाग नाही, म्हणून आज तुमचा नंबर.

पाना_दहा_बारा
दुसरी बाजू पण बघा. कडक केलेल्या काचेचा एका टोल्यात भुगा होतो, म्हणून तर गाडीतून लॅपटॉप जातात. माझ्याकडे महिन्याला अशी गाडी येतेच. चोर शीट फोडू शकणार नाही, हे ट्रॅकवेडांचं मान्य करावं लागेल. (मग तो दाराची वरची चौकट वाकवतो, ते काम जास्त महाग.)

कलमवाला
आणि कायदा? मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचा. कंपनीनं दिलेल्या मूळ रचनेत परवानगीशिवाय असा बदल चालत नाही. माझ्या मेहुण्यानं गाडीत फेरफार करून घेतला आणि विमा कंपनीला कळवलं नाही. धडक झाल्यावर सर्व्हेअरनं फोटो काढले आणि क्लेम गेला. काचेचा संबंध नव्हता, तरी गेला.

ट्रॅकवेडा
बरं बाबा. दारांच्या काचा राहू द्या. डिकीची स्थिर काच, तीही ट्रेलरवरून नेऊन फक्त ट्रॅकवर पळणाऱ्या गाडीची, तेवढी तरी काढू द्याल? उरलेलं वजन मी वडापाव सोडून भरून काढतो.

चक्रधर
ट्रॅकच्या गाडीला विरोध कधी होता? तुमच्या पोस्टमध्ये 'रोज ऑफिसला जाणाऱ्यांनी' असं लिहिलंय. ती ओळ काढा.

ट्रॅकवेडा
काढतो. आधी हेडलाइट घासून घेतो.

सावलीप्रेमी
मंडळी, ५० टक्केवाली फिल्म आणि दुकानदाराचं सर्टिफिकेट दोन्ही दाखवूनही सातारा रोडला कोणाला सोडलंय का? कलमवाल्यांनी उत्तर देऊ नये.