इम्प्लांट न घालता ब्रेस्ट लिफ्ट: खालचाच भाग वर नेतात म्हणजे नेमकं काय करतात?

मृण्मयी_नाशिक
वय ४१, दोन बाळंतपणं, २२ किलो वजन उतरलेलं आणि गेले ८ महिने स्थिर. गळ्याखालच्या खाचेपासून स्तनाग्रापर्यंतचं अंतर डावीकडे २८, उजवीकडे २७ सेंमी. वरचा भाग रिकामा, सगळं वजन खाली. सिलिकॉन नको आहे. सर्जननी 'ऑटो-ऑगमेंटेशन मास्टोपेक्सी' (स्वतःच्याच ऊतींनी वरचा भाग भरून स्तन उचलणं) सुचवली आहे. यात ऊती नेमक्या कुठून घेतात? वर नेलेला भाग वरच राहतो का? त्याऐवजी चरबी भरून भागेल का? आणि पुढे मॅमोग्राफीला अडचण येते का?

कातडी_आणि_टाके
ताई, आधी एक गैरसमज दूर करू. यात बाहेरून काहीच भर पडत नाही, आहे तेच वेगळ्या जागी बसवतात. अंतर्वस्त्र घालून सगळा भाग हातांनी गोळा करून वर धरा. आरशात जेवढं भरलेलं दिसेल, तोच तुमचा माल. तेवढा पुरेसा वाटत असेल तर ही शस्त्रक्रिया तुमच्यासाठी. कप वाढवून हवा असेल तर नाही.

नेहमीच्या लिफ्टमध्ये खालची जास्तीची कातडी काढतात आणि बऱ्याचदा तिच्यासोबत आतला थोडा भागही जातो. इथे तो ठेवतात. एरिओलाखालच्या (स्तनाग्राभोवतीच्या गडद गोलाखालच्या) पट्ट्यावरची फक्त वरची पातळ त्वचा सोलतात, आतली जाड त्वचा, चरबी आणि ग्रंथी तशाच राहतात. हा फ्लॅप, म्हणजे रक्तपुरवठ्यासकट हलवायचा ऊतींचा तुकडा, मुळाशी छातीच्या भिंतीला चिकटलेलाच ठेवायचा, कारण चौथ्या ते सहाव्या फासळ्यांमधल्या जागांतून येणाऱ्या बारीक रक्तवाहिन्यांवर तो जगतो. स्तनाग्र वेगळ्या पुलावर (त्याला रक्त पोचवणाऱ्या ऊतींच्या पट्ट्यावर) असतं, बहुतेकदा वरच्या किंवा वरच्या-आतल्या बाजूच्या. मग फ्लॅप त्या पुलाखालून वर सरकवून दुसऱ्या-तिसऱ्या फासळीच्या पातळीला स्नायूवरच्या आवरणाला टाक्यांनी बांधतात. ब्राझीलमध्ये ही पद्धत बरीच घडली. तिथल्या प्लास्टिक सर्जन रुथ ग्राफ यांच्या पद्धतीत फ्लॅप छातीच्या स्नायूच्या एका पट्टीखालून ओवून घेतात, म्हणजे ती पट्टी दोरीसारखी त्याला धरून ठेवते.

बिघडतं ते बहुतेक रक्तपुरवठ्यावरून. फ्लॅप लांब आणि मूळ अरुंद ठेवलं की टोक उपाशी राहतं, चरबी मरते आणि तिथे कडक गाठ होते. वर जास्त न्यायच्या नादात मुळाखालून मोकळं करत गेलं तर त्याच वाहिन्या तुटतात. मोठा फ्लॅप घट्ट कातडीखाली कोंबला तर शिरा दबतात आणि स्तनाग्र जांभळं पडतं. अशा वेळी काही टाके सोडून ताण कमी करावा लागतो, आत रक्त साचलंय का तेही बघावं लागतं.

२८ सेंमीवरून साधारण २१-२२ वर आणायचं म्हणजे ६-७ सेंमीचा प्रवास. एवढ्याला फक्त उभा काप बहुधा पुरत नाही. एरिओलाभोवती, तिथून खाली आणि स्तनाखालच्या घडीत आडवा, असा जहाजाच्या नांगरासारखा व्रण धरून चाला. उभा आणि आडवा काप मिळतात त्या बिंदूवर ताण सगळ्यात जास्त, त्यामुळे जखम उघडते ती बहुतेकदा तिथेच. लहान असेल तर ड्रेसिंगने भरते, फक्त वेळ घेते.

आखणी उभं करून, शस्त्रक्रियेच्या आधी करतात. झोपलेल्या अवस्थेत स्तन बगलेकडे सरकतो आणि मापं खोटी पडतात.

वजनकाटा
वजन उतरलेल्यांसाठी अजून एक जागा उपयोगाची असते: बगलेखाली बाजूला लोंबणारी वळी. ती कापून टाकण्याऐवजी फासळ्यांमधल्या रक्तवाहिनीवर ठेवून स्तनात वळवता येते. पण व्रण मग पाठीकडे जातो आणि बिनबाह्यांच्या ब्लाउजमध्ये दिसतो. हा सौदा आधीच ठरवा.

टिकण्याबद्दल. सुरुवातीला वरचा भाग जेवढा भरलेला दिसतो त्यात सूज धरलेली असते. पहिल्या काही महिन्यांत ती ओसरते, गुरुत्वाकर्षण आपलं काम करतं आणि वरचा थोडा भराव खाली येतो. स्तनाग्र जागेवर राहून खालचा भाग उतरत गेला तर स्तनाग्र आभाळाकडे बघायला लागतं. यावर उपाय मुळातच योग्य कातडी काढणं आणि आत नीट टाके घालणं. नुसत्या कातडीच्या जोरावर उचललेलं टिकत नाही, कारण ताणली गेलेली कातडी पुन्हा ताणली जाणारच. इम्प्लांटसारखा वरचा गोल उभार यात मिळत नाही, कुणी कबूल केला तर १ वर्षानंतरचे, उभं राहून बाजूने काढलेले फोटो मागा. ६ आठवड्यांचे फोटो सगळ्यांचेच छान असतात.

चरबी भरणं हे लिफ्टला पर्याय नाही, जोड आहे. लोंबत्या पिशवीत चरबी भरली तर ती अजून लोंबेल. पोट किंवा मांडीतून काढलेली चरबी बारीक-बारीक रेषांत, वेगवेगळ्या थरांत सोडतात. एका जागी गोळा सोडला तर मधल्या पेशींपर्यंत रक्त पोचत नाही आणि तेलाची गाठ होते. भरलेली सगळी चरबी जगत नाही, काही भाग शरीर शोषून घेतं. म्हणून लिफ्ट करून काही महिने थांबून, कुठे खड्डा राहिलाय ते बघून मगच भरावी, असं माझं मत. पुढे वजन पुन्हा उतरलं तर तीही उतरते.

वॉर्ड_नंबर_सात
तयारीत सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट: मिश्री. सिगारेट ओढता का विचारलं की आपल्याकडच्या बायका 'नाही' म्हणतात आणि ते खरंच असतं. पण दातांना लावायची मिश्री, तंबाखू, निकोटिनचा च्युइंगगम, सगळं त्याच हिशेबात येतं. निकोटिन बारीक वाहिन्या आकसवतं आणि फ्लॅप त्याच वाहिन्यांवर जगतो. आधी निदान ४ आठवडे आणि नंतरही ४ आठवडे पूर्ण बंद. अॅस्पिरिन आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांना विचारूनच निर्णय घ्यावा, स्वतःहून बंद करू नये. हिमोग्लोबिन आणि साखर वेळेत तपासा.

घरी आल्यावर एक बाजू अचानक दुसरीपेक्षा मोठी, घट्ट आणि ठणकणारी झाली तर सकाळची वाट बघू नका. ते आत साचणारं रक्त असू शकतं आणि धोका पहिल्या २४ तासांत जास्त असतो. स्तनाग्र निळं-काळं दिसलं, ताप आला किंवा पू दिसला तरी लगेच फोन करा.

तार नसलेली सपोर्ट ब्रा साधारण ६ आठवडे, रात्रीसुद्धा. पाठीवर, डोकं थोडं उंच ठेवून झोपायचं. भरलेला कुकर, पाण्याची बादली, मूल कडेवर घेणं, माळ्यावरचा डबा काढणं, हे सगळं ४ ते ६ आठवडे दुसऱ्यांनी करायचं. जखम पूर्ण मिटली की सिलिकॉन जेल किंवा पट्टी काही महिने लावा. गर्भाशयाच्या ऑपरेशनच्या व्रणावर किंवा कान टोचल्याच्या जागी केलॉइड (जखमेबाहेर वाढणारा जाड व्रण) आलेला असेल तर सर्जनना आधी सांगा.

काळी_फिल्म
मॅमोग्राफी होते, अडचण वाचण्यात येते. मेलेल्या चरबीत साचलेलं कॅल्शियम आणि तेलाच्या गाठी फिल्मवर दिसतात. पुष्कळदा त्या ओळखू येतात, पण कधी संशय राहतो आणि सुई घालून तुकडा तपासावा लागतो. म्हणून शस्त्रक्रियेआधी मॅमोग्राफी आणि सोनोग्राफी, आणि नंतर सूज पूर्ण गेल्यावर, ६ ते १२ महिन्यांत, नवी मॅमोग्राफी. पुढची प्रत्येक तपासणी या नव्या फिल्मशी ताडून बघतात.

दुसरं, स्तन घड्याळासारखा धरला तर खाली ६ वाजताच्या जागी असलेल्या ऊती आता १२ वाजता बसलेल्या असतात. ऑपरेशनच्या नोट्सची प्रत घेऊन ठेवा, पुढे कुठल्याही डॉक्टरला लागेल. काढलेला तुकडा पॅथॉलॉजीला पाठवा असंही सांगा.

मृण्मयी_नाशिक
मिश्रीचं कुणी विचारलंच नव्हतं. आज बंद. मेडिक्लेममध्ये बसतं का?

वजनकाटा
सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया पॉलिसीतून वगळलेली असते. अपघात, भाजणं किंवा कर्करोगानंतरची पुनर्रचना असेल तर गोष्ट वेगळी. आणि सर्जनकडे प्लास्टिक सर्जरीची एम.सीएच., डी.एन.बी. किंवा आताची डीआर.एन.बी. पदवी आहे ना, नोंदणी मेडिकल कौन्सिलमध्ये आहे ना, हे पैसे भरायच्या आधी बघा.