सागरी बर्फाची मोजणी आणि भाकिते: दोन शंका

पाणलोट (प्रश्न):
आर्क्टिक महासागरातील बर्फ दरवर्षी सप्टेंबरात सर्वांत कमी होतो आणि 2012 साली तो सुमारे 34 लाख चौरस किलोमीटरपर्यंत घटला, असे बहुतेक ठिकाणी वाचायला मिळते. मात्र त्याच हंगामासाठी याहून बराच लहान आकडाही मला आढळला, आणि दोन्हींचा आधार उपग्रहच होते. यांपैकी खरा कोणता मानावा? दुसरी शंका भाकितांविषयी आहे. 2012 नंतर दहाहून अधिक वर्षे उलटली, तरी तो नीचांक मोडलेला नाही. ज्यांना एका उन्हाळ्याचा अंदाज नीट बांधता येत नाही, त्यांनी 2050 विषयी ठामपणे बोलावे, हे कसे?

उत्तरवारा:
दोन्ही आकडे खरे असू शकतात, कारण ते दोन वेगळ्या गोष्टींचे आहेत: मोठा ‘व्याप्ती’चा, लहान ‘क्षेत्रफळा’चा. समुद्राचे पाणी आणि बर्फ यांच्यातून निसर्गतः बाहेर पडणाऱ्या सूक्ष्मलहरींची तीव्रता वेगवेगळी असते आणि उपग्रह ती टिपतात. ती टिपायला सूर्यप्रकाश लागत नाही आणि ढगही फारसे आड येत नाहीत, त्यामुळे सहा महिन्यांच्या ध्रुवीय रात्रीतही नोंद सुरू राहते. 1978 च्या अखेरीस निम्बस-7 या उपग्रहापासून ही मालिका जवळपास अखंड चालू आहे. त्यात समुद्राचे साधारण 25 किलोमीटर बाजूचे चौकोन पाडतात. एखाद्या चौकोनात किमान 15 टक्के बर्फ असेल, तर ‘व्याप्ती’ काढताना तो पूर्ण, म्हणजे 625 चौरस किलोमीटर, धरतात; ‘क्षेत्रफळ’ काढताना मात्र त्यातला बर्फाचा वाटाच मोजतात. साहजिकच क्षेत्रफळ नेहमी कमी भरते. शिवाय उन्हाळ्यात बर्फावर वितळलेल्या पाण्याची डबकी साचतात आणि उपग्रहाला ती उघड्या समुद्रासारखीच भासतात. क्षेत्रफळाला याचा फटका अधिक बसतो, म्हणून वर्षावर्षांची तुलना करताना व्याप्तीच वापरलेली बरी.

खोलमाप:
वरील उत्तर योग्य आहे, पण माझ्या मते खरी अडचण जाडीची आहे आणि तिच्याविषयी फार कमी बोलले जाते. पूर्वी पाणबुड्या बर्फाखालून जाताना ध्वनिलहरी वर सोडून त्याची जाडी मोजत, पण त्या जेथे गेल्या तेथलीच नोंद मिळे. आता 2010 पासून क्रायोसॅट-2 हा उपग्रह रडारने आणि 2018 पासून आइससॅट-2 हा उपग्रह लेसरने बर्फ पाण्याच्या पातळीपेक्षा किती वर आला आहे, ते मोजतात. त्यासाठी बर्फातील भेगांमधल्या पाण्याची पातळी संदर्भ म्हणून घेतात. तरंगत्या बर्फाचा जेमतेम दहावा हिस्सा पाण्याबाहेर असल्याने वर मोजलेल्या उंचीत 5 सेंटिमीटरची चूक झाली, तर जाडीत जवळपास अर्ध्या मीटरची चूक होते. ज्या बर्फाची जाडीच दोन मीटरच्या आसपास आहे, तेथे ही चूक क्षुल्लक नव्हे.

बर्फावर साचलेला हिम (वरून पडलेला भुसभुशीत थर) हा आणखी एक घोळ. लेसर हिमाच्या पृष्ठभागावरून परततो. रडार हिम भेदून खालच्या बर्फापर्यंत जाते, असे गृहीत धरले जाते, पण हिम ओलसर किंवा खारट असेल तर ते गृहीतक डळमळते. हिमाची खोली किती धरायची, यासाठी दीर्घकाळ आधार होता तो सोव्हिएत संशोधकांनी 1954 ते 1991 या काळात तरंगत्या बर्फावरील तळांवरून घेतलेल्या मोजमापांचा. तो जुन्या, जाड, अनेक वर्षे टिकणाऱ्या बर्फावरचा हिम होता. आजच्या एकवर्षीय बर्फाला तेच माप लावताना हिमाची खोली निम्मी धरण्याची प्रथा पडली, यावरूनच या आकड्यांतली अनिश्चितता लक्षात यावी.

वाराफेर:
भाकितांच्या प्रश्नाचे मूळ येथेच आहे. 2007 च्या अनपेक्षित घसरणीनंतर 2008 पासून संशोधकांचे अनेक गट दर उन्हाळ्यात सप्टेंबरचा अंदाज देतात, पण मे महिन्यापूर्वी केलेले अंदाज फारसे खरे ठरत नाहीत. वितळायला सुरुवात होतानाची जाडी नेमकी ठाऊक नसते, आणि पुढे जून-जुलैमधले ढग व वारे कसे असतील, हे तर कोणालाच ठाऊक नसते. (2012 च्या ऑगस्टमधल्या मोठ्या वादळावर त्या नीचांकाचे खापर फोडतात; संगणकीय प्रतिकृतींच्या आधारे झालेल्या अभ्यासानुसार वादळ नसते तरी तो विक्रम झालाच असता.)

2050 चे विधान यावर अवलंबून नाही. सप्टेंबरची व्याप्ती आजवर उत्सर्जित झालेल्या एकूण कार्बन डायऑक्साइडच्या प्रमाणात घटत आली आहे: 2016 च्या एका अभ्यासानुसार दर टनामागे सुमारे 3 चौरस मीटर. त्यातून दिशा कळते, नेमके वर्ष कळत नाही. म्हणूनच आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलविषयक समितीच्या 2021 च्या अहवालात 2050 पूर्वी किमान एकदा सप्टेंबरमधला बर्फ 10 लाख चौरस किलोमीटरच्या खाली जाण्याची शक्यता मोठी असल्याचे म्हटले आहे. कोणत्या वर्षी, ते सांगितलेले नाही. निसर्गातल्या चढउतारांमुळेच हे वर्ष एखाद-दोन दशके मागेपुढे होऊ शकते, आणि 2012 नंतरची संथ वर्षे त्याच मर्यादेत बसतात.

पाणलोट:
आभारी आहे. अंटार्क्टिकालाही हेच लागू आहे का?

खोलमाप:
नाही. तेथे 2014 च्या हिवाळ्यात व्याप्ती 2 कोटी चौरस किलोमीटरच्या पुढे गेली, 2016 मध्ये ती एकाएकी घसरली आणि फेब्रुवारी 2023 मध्ये सुमारे 18 लाखांचा नीचांक नोंदला गेला. हा चढ आणि उतार दोन्ही बहुतेक प्रतिकृतींना नीट दाखवता आलेले नाहीत. जाडीचे गणित तर तेथे आणखी अवघड आहे, कारण हिमाच्या भाराने बर्फ अनेकदा पाण्याखाली दबतो, समुद्राचे पाणी हिमात शिरून गोठते, आणि मग हिम कोठे संपला व बर्फ कोठे सुरू झाला, हे रडारला ओळखता येत नाही.