व्हिटनीच्या जिनमध्ये नवीन काय होतं नक्की?

कापूसवेडा
सगळीकडं वाचायला मिळतं की अमेरिकेतल्या एली व्हिटनीनं १७९३ला कॉटन जिन, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायचं यंत्र, शोधला. पण दोन लाट्यांचा रेचा तर आपल्याकडं त्याच्या कित्येक शतकं आधीपासून होता, रुई ओढली जायची आणि सरकी अलीकडंच राहायची. मग ह्यानं वेगळं काय केलं? कुणी नीट सांगा ना.

यंत्रवाचक
रेचा जुनाच आहे, त्याबद्दल वाद नाही. सगळी गोम सरकीत आहे. काही जातींची सरकी काळी आणि गुळगुळीत, लाटीनं धागा ओढला की पटकन सुटते. पण अमेरिकेत किनाऱ्यापासून आतल्या भागात जो कापूस यायचा त्याची सरकी हिरवट, अंगभर बारीक लव, ती लाट्यांना दाद देईना आणि हातानं सोडवायची म्हणजे दिवस जायचा. व्हिटनीनं दाबून ओढणंच सोडून दिलं. लाकडी सिलिंडरवर तारेचे दात बसवले, ते अरुंद फटीतून फिरतात आणि धागा ओढून नेतात, सरकी त्या फटीत मावतच नाही म्हणून अलीकडं सुटून पडते. आणि मागं उलटा फिरणारा ब्रश, दातांत अडकलेली रुई झाडायला. मला विचाराल तर खरी अक्कल त्या ब्रशात आहे, तो नसता तर दात लगेच भरून मशीन बसलं असतं.

पेटंट १४ मार्च १७९४चं. पण त्यानं आणि पार्टनरनं जिनिंगचे म्हणून कापसाचा दोन पंचमांश हिस्सा मागितला, लोकांनी सरळ स्वतःच मशीनं बनवून घेतली. कोर्टात त्याच्या बाजूनं ठाम निकाल लागेपर्यंत १८०७ उजाडलं, तेव्हा पेटंट संपायलाच आलं होतं. वाईट वाटतं खरंच.

धागादोरा
होम्सचं नाव राहिलं. १७९६ला त्यानं तारेऐवजी गोल करवती लावल्या, आजचं सॉ जिन त्याच्याच जवळचं आहे. आणि लाटी संपली नाही बरं का, १८४०ला मॅकार्थीनं चामड्याचा रोलर आणि सुरी असं जिन काढलं, लांब धागा त्यात कमी तुटतो.

अजून एक, हे सोडून व्हिटनीबद्दल बोलूच नये असं माझं मत आहे. सरकी काढायचं कष्ट कमी झालं म्हणून कापसाची शेती पसरली आणि वेचणी हातानंच राहिली, त्यामुळं अमेरिकेतले गुलाम १७९०ला सुमारे ७ लाख होते ते १८५०ला ३२ लाखांवर गेले.

कापूसवेडा
हे माहीतच नव्हतं, मनापासून आभार. आणि ती लव, जिनमधून निघाल्यावरही सरकीवर राहतेच ना? मग पेरायचं बी कसं करतात?

यंत्रवाचक
राहते, आणि त्यामुळं बिया एकमेकींना चिकटतात, पेरणी यंत्रातून सुट्या पडत नाहीत. म्हणून सल्फ्युरिक ॲसिडनं लव जाळून काढतात, भरपूर पाण्यानं धुतात. धुताना पोकळ बी वर तरंगतं, ते तिथंच बाजूला काढता येतं.